गणपतीला डोंबिवलीहून कुडाळ: महामार्ग ६६ की कोल्हापूरमार्गे घाट?

आपला प्रश्न मला समजला तो असा. चतुर्थीच्या दोन दिवस आधी डोंबिवलीहून कुडाळजवळच्या गावी निघायचे आहे. गाडी सात आसनी आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत, त्यांपैकी वडिलांना मधुमेह आणि गुडघेदुखी आहे. शिवाय पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी, जिला घाटात गाडी लागते. पनवेलवरून थेट मुंबई–गोवा महामार्ग धरावा की पुणे–कोल्हापूर करून घाट उतरावा, आणि रात्री निघावे की पहाटे, असे आपण विचारले आहे. ‘रस्ता आता झाला, नऊ तासांत पोचलो’ असे सांगणाऱ्या चित्रफिती आपण पाहिल्या आहेत आणि भावकीतली मंडळी मात्र माणगावात चार तास अडकल्याचे सांगतात, म्हणून कोणावर विश्वास ठेवावा हे कळत नाही.

दोघेही खरेच सांगत आहेत. ठाणे जिल्ह्यातून सिंधुदुर्गात कुटुंबे नेण्याचा माझा व्यवसाय आहे आणि बहुतेक वेळा स्टिअरिंगवर मी स्वतः असतो, त्यामुळे हे दोन्ही अनुभव मला एकाच रस्त्यावर, कधी कधी एकाच आठवड्यात आलेले आहेत. नऊ तासांत पोचलेला माणूस बहुधा एखाद्या साध्या मंगळवारी निघालेला असतो आणि चार तास अडकलेला चतुर्थीच्या आदल्या शुक्रवारी. म्हणून ‘कोणता रस्ता चांगला’ यापेक्षा ‘वाटेत काही बिनसले तर कोणत्या रस्त्यावर मला बेत बदलता येईल’ हा प्रश्न मी आधी विचारतो. वयस्कर माणसे आणि लहान मूल गाडीत असताना अर्धा तास लवकर पोचण्याचे मोल फारसे नसते. अडकून पडल्यावर बाहेर पडायला वाट असणे याचे मोल फार असते.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. सह्याद्रीच्या पश्चिमेला महामार्ग ६६, म्हणजे जुना १७, आणि पूर्वेला महामार्ग ४८, म्हणजे जुना ४, असे दोन रस्ते जवळजवळ समांतर दक्षिणेकडे जातात. त्यांना जोडणारे घाट मोजकेच आहेत. कोकणातल्या रस्त्याने गेलात तर पनवेल सोडताच आपला निर्णय झाला. पुढे कोंडी लागली तर डावीकडे सह्याद्री, उजवीकडे खाड्या, आणि पावसाळ्यात घाट चढून पलीकडे जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. घाटमाथ्यावरून गेलात तर मात्र कोकणात कुठून उतरायचे हे थेट कोल्हापुरात, जेवण करता करता, त्या दिवशीची खबर घेऊन ठरवता येते. माझ्या पसंतीचे मुख्य कारण हेच आहे.

आता महामार्ग ६६ विषयी. पनवेल ते इंदापूर (पुणे जिल्ह्यातले नव्हे, रायगडातले) या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याची रखडकथा कोकणातल्या माणसाला सांगण्याची गरज नाही. तरीही सरसकट शिव्या देण्यासारखी आज स्थिती नाही. कशेडीचा जुना नागमोडी घाट टाळणारा सुमारे दोन किलोमीटरचा जोडबोगदा झाल्यापासून पोलादपूर–खेड हा टप्पा फार सुसह्य झाला आहे. राजापूरच्या पुढे खारेपाटण, कणकवली, कुडाळ, झाराप हा भाग तर निवांत आहे. अडचण मधल्या तुकड्यांची आहे. इंदापूर आणि माणगाव या गावांचे बाह्यवळण रस्ते (बायपास) रखडल्यामुळे सगळी वाहतूक भर बाजारपेठेतून जाते. माणगावात तर ताम्हिणी घाट उतरून आलेले पुणेकर आणि श्रीवर्धन–म्हसळ्याकडची वाहनेही त्याच रस्त्यावर येऊन मिळतात. पुढे आरवली ते संगमेश्वर आणि हातखंबा, पाली, लांजा या पट्ट्यात काम सर्वांत मागे राहिले, त्यामुळे उड्डाणपुलांच्या खालून आणि बाजूने काढलेले वळणरस्ते लागतात. कोणता तुकडा कोणत्या महिन्यात खुला होईल याचा भरवसा नसल्याने निघण्याच्या आठवड्यात आपल्या गावाकडून नुकत्याच आलेल्या एखाद्या गाडीवाल्याला विचारावे. दोन महिन्यांपूर्वीची चित्रफीत पाहून ठरवू नये.

या वळणरस्त्यांवर नेमके काय होते, ते जरा जवळून सांगतो. नवे काँक्रीट जुन्या डांबरापेक्षा चांगले वीतभर उंच असते. एका बाजूचे काँक्रीट संपते, तिथे खडी टाकून उतार केलेला असतो आणि दोन पावसांत ती खडी वाहून जाऊन धारदार कड उघडी पडते. त्या कडेला पाणी साचले की ती दिसत नाही. पुढची गाडी डावीकडून उजवीकडे का वळली हे कळेपर्यंत आपले पुढचे चाक त्या कडेवरून खाली गेलेले असते. आवाज होतो, गाडी चालत राहते, आपण सुटलो असे वाटते; पण टायरच्या बाजूच्या भिंतीत आतले धागे तुटलेले असतात आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर तिथे लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर पंक्चर काढून दुरुस्त होत नाही. तो बदलावाच लागतो. म्हणून असा दणका बसल्यावर पुढच्या पेट्रोल पंपावर उतरून चारही टायरच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहावा.

रात्री निघावे का, या प्रश्नाचे उत्तर मला इथेच द्यायचे आहे, कारण ते याच गोष्टीला जोडलेले आहे. काम चालू असलेल्या भागात पांढरे पट्टे नसतात, दिशा दाखवणारी पिंपे पडलेली किंवा सरकलेली असतात आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत येतो. उत्सवाच्या दिवसांत अवजड वाहनांना या मार्गावर बंदी असते हे खरे, पण त्यांच्या जागी एसटीच्या जादा गाड्या आणि खासगी बस मोठ्या संख्येने धावतात आणि त्यांच्या चालकांना परत येऊन दुसरी फेरी करायची असते. पहाटे दोन ते पाच हा झोपेच्या झटक्याचा काळ. दिवसभर नोकरी करून रात्री दहाला गाडी सुरू करणारा माणूस या काळात नेमका चिपळूणच्या पुढे असतो, म्हणजे रस्ता सर्वांत वाईट आणि चालक सर्वांत थकलेला. ‘मुले रात्री झोपतात, त्रास होत नाही’ हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. मुले झोपतात, पण चालकालाही झोप येते.

कोल्हापूरमार्गे अंतर जास्त पडते हे मान्य करू या. डोंबिवलीहून महामार्ग ६६ ने कुडाळ साधारण साडेचारशे किलोमीटर, तर कोल्हापूर–फोंडाघाटमार्गे पाचशेच्या थोडे वर. इंधन जास्त लागते आणि टोलनाकेही अधिक आहेत. मात्र गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य शासन दरवर्षी टोलमाफीचा पास देत आले आहे आणि तो द्रुतगती मार्ग व कोल्हापूरकडचा महामार्ग यांनाही लागू असतो. घोषणा झाली की जवळच्या पोलीस ठाण्यातून किंवा परिवहन कार्यालयातून तो आधीच घेऊन काचेवर लावावा, तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी. हा रस्ताही निर्वेध नाही. सातारा ते कागल सहापदरीकरणामुळे कराडच्या आसपास, पेठ नाक्याजवळ आणि इतरत्र सेवारस्त्यावर उतरावे लागते व वेग पार कमी होतो. फरक इतकाच की इथे वाहतूक सहसा पूर्ण थांबत नाही, सरकत राहते, आणि थांबायचे झाले तर दर काही किलोमीटरवर हॉटेल, स्वच्छतागृह, पेट्रोल पंप आणि मोठ्या गावात रुग्णालय आहे. मधुमेह असलेल्या माणसाला जेवण वेळेवर मिळणे आणि लघवीला वेळेवर थांबता येणे ही चैन नव्हे, गरज आहे. माणगावच्या रांगेत उभे असताना ती भागवता येत नाही.

आता घाट. कुडाळला जाणाऱ्यासाठी कुंभार्ली आणि आंबा हे दोन्ही घाट फार उत्तरेला उतरवतात. कुंभार्ली चिपळुणात आणि आंबा साखरप्यावरून पालीकडे, म्हणजे जो पट्टा टाळण्यासाठी आपण वळसा घेतला त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या तोंडाशी. अणुस्कुरा राजापूरजवळ सोडतो, पण तो अरुंद आहे आणि वळणे फार तीव्र आहेत. आपल्या मुलीसाठी तो नकोच. उरतात ते तीन: गगनबावडा, फोंडा आणि आंबोली.

गगनबावड्याला दोन फाटे फुटतात. करूळ घाट वैभववाडीकडे उतरतो, तर भुईबावडा त्याच्या उत्तरेला, अधिक अरुंद. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीपासून दीर्घकाळ काँक्रीटीकरणासाठी बंद होता. रस्ता रुंद झाला असला तरी ताज्या कापलेल्या डोंगराला स्थिर व्हायला काही पावसाळे जावे लागतात, आणि दरड आली की सगळी वाहतूक भुईबावड्यावर ढकलली जाते. दरड पडल्याची बातमी नसेल आणि पाऊस बेताचा असेल तर मी करूळने जातो. मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी जात नाही, कारण माती पाणी पिऊन जड झालेली असते आणि दरड बहुधा पाऊस थांबल्यावरही येते.

फोंडा घाट राधानगरी, दाजीपूर करत उतरतो आणि कणकवलीजवळ आणून सोडतो. वळणे गगनबावड्याच्या मानाने सौम्य, त्यामुळे गाडी लागणाऱ्या मुलांना मी शक्यतो इथूनच नेतो. पण दाजीपूरचा पट्टा अभयारण्याचा आहे. गवे संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात, त्यांचा काळपट रंग ओल्या डांबराशी असा मिसळतो की दिव्यात आधी दिसतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. गवा दिसला तर भोंगा वाजवू नये, झोत खाली करून थांबावे आणि मागून दुसरा येतो का ते पाहावे, कारण तो एकटा क्वचितच असतो. या भागात मोबाइलला रेंज नसते आणि पेट्रोलची सोय नाही, तेव्हा टाकी राधानगरीच्या अलीकडेच भरावी आणि घाट दुपारी चारच्या आत उतरावा.

आंबोली निपाणी–आजरामार्गे. रस्ता रुंद, पण सावंतवाडीत उतरून कुडाळसाठी पुन्हा वीसेक किलोमीटर उत्तरेला यावे लागते. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्या दोन्ही बाजूंना उभ्या करून लोक रस्त्यावरच भिजत असतात. त्या दोन दिवशी हा घाट विसरावा.

आणखी एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते, ती म्हणजे पंचगंगा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद झाला होता. इतका पूर दर वर्षी येत नाही, पण कोल्हापूर–गगनबावडा रस्ता त्यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात बंद होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज जाहीर होते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पातळी पस्तीसच्या वर असून वाढत असेल, तर मी गगनबावड्याचा विचार सोडून देतो. चाळिशीकडे जात असेल तर मात्र कोल्हापूरमार्ग हा माझा सल्ला मी मागे घेईन आणि आपण दिवसा, महामार्ग ६६ नेच जावे.

इथवरचे थोडक्यात: आपले प्रवासी, आपला दिवस आणि आपले ठिकाण पाहता कोल्हापूरवरून फोंडा घाट ही पहिली पसंती, गगनबावडा दुसरी, आणि पंचगंगा चढलेली असेल तरच थेट कोकण मार्ग. गाव रत्नागिरीच्या उत्तरेला असते किंवा आपण चतुर्थीच्या आठ दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या दिवशी निघत असता, तर माझे उत्तर उलट झाले असते. तेव्हाही डोंबिवलीहून पनवेल–पेणऐवजी बदलापूर–कर्जत–खोपोली–पाली (ही रायगडातली) करून वाकणला महामार्गाला लागण्याचा पर्याय लक्षात ठेवावा. पेण–वडखळ–नागोठणे हा भाग त्याने टळतो, माणगाव मात्र टळत नाही.

वेळेचे गणित असे. पहाटे चारला घर सोडावे. बोरघाट उजाडायच्या सुमारास आणि वाकड ते कात्रज हा पुण्याचा बाह्यवळण रस्ता आठच्या आत पार झाला पाहिजे. तो साडेआठनंतर सापडला तर एक तास तिथेच जातो. निघण्याचा दिवस शनिवार असेल तर लोणावळ्याला जाणाऱ्यांमुळे बोरघाटातच रांग लागते, तेव्हा तीनला निघा. नाश्ता खंबाटकी चढून गेल्यावर, जेवण कोल्हापुरात बाराच्या सुमारास. तिथे पोचायला दोन वाजून गेले तर घाट उतरूच नये. कोल्हापुरात मुक्काम करून सकाळी सातला निघावे, दहा-साडेदहाला आपण घरी असाल. सुट्टी मिळत असेल तर मी आपल्याला हा मुक्काम आधीच ठरवून घ्यायला सांगेन. आईवडिलांना एका दमात बारा तास बसवण्यात काहीच मिळवायचे नाही, आणि महालक्ष्मीचे दर्शनही होते.

वडिलांना मधल्या रांगेत डावीकडे बसवावे म्हणजे दार उघडताच पाय जमिनीवर येतो, आणि दर दोन तासांनी पाच मिनिटे चालवावे. मुलीला मधल्या रांगेच्या मध्यभागी, समोरची काच दिसेल असे बसवावे. शेवटच्या रांगेत तर मुळीच नको. घाटाच्या आधी पोटभर जेवण, तळकट आणि दूध टाळावे, पण पोट रिकामेही नसावे. थोडा भात किंवा कोरडी पोळी पुरते. हातात मोबाइल देऊ नये. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी, कारण वळणे सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर पडते.

गाडीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. सामान, मखर आणि पाच माणसे भरल्यावर मागची बाजू खाली बसते. टायरमधली हवा दारावरच्या तक्त्यात ‘पूर्ण भार’ म्हणून दिलेली असते तेवढी भरावी आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे दिव्यांचा झोत खाली आणणारे छोटे चक्र असते, ते फिरवावे. अन्यथा आपला लो बीमही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नये, आणि अरुंद जागी वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. धुक्यात चारही इंडिकेटर चालू ठेवून चालवण्याची जी पद्धत पडली आहे ती चुकीची आहे. त्यामुळे आपण वळणार आहोत हे मागच्याला कळतच नाही. लो बीम, कमी वेग आणि डाव्या बाजूची पांढरी रेघ पुरे.

परतीबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते. गौरी-गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळे एकदमच निघतात. जमल्यास एक दिवस मागे राहावे. घाट सकाळी चढावा. पुण्याकडे येताना खंबाटकीच्या बोगद्यानंतरचे इंग्रजी एस आकाराचे वळण आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा लांब उतार या दोन जागा जपून कराव्यात. या उतारावर काही ट्रकचालक डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करतात आणि मग तापलेले ब्रेक लागत नाहीत, त्यामुळे तिथे धोका पुढून नव्हे, मागून येतो. दोन ट्रकच्या मध्ये अडकून चालू नये, पुढे मोकळी जागा ठेवावी आणि आरसा सतत पाहावा. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तिथे पोचण्याची चिन्हे दिसली, तर खेड-शिवापूरच्या अलीकडेच थांबून जेवण उरकावे आणि पुढच्या टप्प्यासाठी स्टिअरिंग पत्नीकडे द्यावे, त्या गाडी चालवत असतील तर. नसतील तर पुण्यात कोणा नातलगाकडे मुक्काम करावा.